भिवराकाकूच्या अडतीस गोगलगायी

एका टेकडीखाली एक गाव होतं, आणि त्या गावात माणसांपेक्षा मडकी जास्त होती. दारात मडकी, ओसरीवर मडकी, झाडाखाली उपडी घातलेली मडकी. वीस-बावीस घरं, सगळी कुंभारांची. पोर रांगायला लागलं की आधी चाकापाशी जायचं आणि मग आईपाशी.

सगळ्या गावाला माती मिळायची ती एकाच जागेतून. टेकडीच्या कुशीला एक दरड होती आणि तिच्या माथ्यावर जुना उंबर. उंबराचा पाला दरडीवर गळायचा, तिथंच कुजायचा, आणि त्याच्याखालची माती उन्हाळ्यातही ओलसर राहायची. ह्या पाल्याखाली एक जीव राहत होता. गोगलगाय. पावसाळ्यात भिंतीवर चढते ती नव्हे, ही तिळाएवढी. तीळ आणि ही शेजारी ठेवली तर ओळखायला डोळे धड हवेत.

एवढ्याशा जिवाचा गावाला ताप मात्र होता. ती मातीबरोबर मडक्यात गेली की भाजताना तिच्या शंखाचा चुना व्हायचा. मडकं वरून झकास दिसायचं. पण घरी नेऊन पाणी भरलं की आतला चुना फुगायचा आणि मडक्याच्या पोटाचा टवका टपकन उडायचा. गावात त्याला फुटकुळी म्हणत. फुटकुळीचं मडकं घेऊन गिऱ्हाईक परत आलं की कुंभाराची मान खाली जायची.

चाळणीने काही उपयोग नव्हता, कारण ही चाळणीतून खुशाल खाली उतरायची. म्हणून गावाची एक रीत होती. माती खणून आणली की ती आधी गोणपाटावर पसरायची आणि वेचणारीला बोलवायचं. वेचणारी गवताची काडी जिभेवर ओली करायची, एकेक गोगलगाय काडीच्या टोकाला चिकटवून उचलायची आणि वाटीत ठेवायची. दिवस मावळायच्या आत ती वाटी उंबराखाली नेऊन पाल्यात उपडी करायची. मग माती तुडवायला मोकळी. आधी हे काम भिवराकाकूच्या सासूकडे होतं, सासूनंतर भिवराकाकूकडे आलं. सासू तिला एकदाच म्हणाली होती, "ही दरड आधी त्यांची, मग आपली. वाटी परत न्यायला विसरू नको."

विसरणं भिवराकाकूच्या स्वभावातच नव्हतं. तिचा स्वभाव उलट्या बाजूने दुखणारा होता. चूल विझवून निघाली की अर्ध्या वाटेवरून परत यायची, चूल विझली ना ते बघायला. कोंबड्या डालल्या की मोजायची, मोजून झाल्यावर कोंबडीने पाय हलवला म्हणून पुन्हा मोजायची. नवरा जिवंत होता तेव्हा झोपेत त्याचा श्वास ऐकू आला नाही तर त्याला हलवून उठवायची आणि म्हणायची, "काही न्हाई, झोपा." बिचारा काय झोपणार! लोक हसायचे. पण काळजी करणारं माणूस वेचणीला बरं, असंही म्हणायचे.

काळजी करणाऱ्या माणसाला एक गोष्ट सगळ्यांच्या आधी कळते, ती म्हणजे काहीतरी कमी झालंय. भिवराकाकूला ते वाटीवरून कळलं. पूर्वी एका ढिगातून अर्धी वाटी भरायची. मग तळ झाकेल एवढ्याच निघू लागल्या. एका माघात तर तीन घरांची माती वेचूनही वाटीत फक्त नऊ गोगलगायी होत्या. नऊ! तिने ढीग पुन्हा पसरला, पुन्हा वेचला. नऊ त्या नऊच.

"काकू, बरं झालं की," ज्यांचा ढीग होता ते म्हणाले. "लवकर सुटलात."

काकूने मात्र वाटी उचलली. ती उंबराखाली गेली आणि पहिल्यांदाच नीट बघत उभी राहिली. पाला कुठं होता? गावाची मडकी जत्रेत खपू लागल्यापासून मडकी भाजायचे आवे वाढले होते, आणि आवा रचायचा तर त्याला पालापाचोळा लागतो. जो तो उठून उंबराखालचा पाला खराट्याने लोटून नेत होता. दरड उघडी पडली होती. माती वरून पांढरी पडून तडकली होती. कोणी वाईट हेतूने काही केलं नव्हतं, आणि त्यामुळेच रागावायचं कोणावर हेही कळत नव्हतं.

गावात माहेरवाशिणी आल्या की भिवराकाकू त्यांना गाठून विचारायची, "तुमच्या सासरच्या मातीत अशी गोगलगाय हाय का गं? तिळाएवढी?" त्या हसायच्या. कोणाच्याच मातीत ती नव्हती. वाटेने जाणाऱ्या धनगरांना विचारलं, बैलगाडीवाल्यांना विचारलं. कोणी बघितलीच नव्हती. म्हणजे होत्या त्या एवढ्याच, ह्या उंबराखाली. हे ध्यानात आलं त्या दिवशी काकूला जेवण गेलं नाही.

ती थोरल्या कुंभाराकडे गेली. गेनूदादा गावातला जाणता माणूस, त्याचा शब्द सगळे मानायचे. तो चाकावर बसला होता.

"दादा, गोगलगायी सरत चालल्या."

"चांगली बातमी आणलीस की गं भिवरा." त्याने चाकाला काठीने फेर दिला. "फुटकुळीचा ताप जाईल."

"तसं न्हवं, दादा. ह्या सरल्या की सरल्या. दुसरीकडं कुठंच न्हाईत."

गेनूदादा वाईट नव्हता. त्याने चाक थांबवलं आणि हात पुसले. "हे बघ, चैताच्या जत्रंला ह्या साली हजार मडकी द्यायचीत. येत्या अमावास्येनंतर दरड उंबराच्या मुळापर्यंत खणणार. गावाचं ठरलंय. आता तिळाएवढ्या किड्यापायी गाव थांबवू का?"

काकू तशीच मागे फिरली. अमावास्येला बारा दिवस होते.

पहिल्या पाच दिवसांतच भिवराकाकूने दरड वीतवीत हुडकली. गुडघ्यांवर बसून, पाला उलटून, मुळांच्या बेचक्यांत काडी घालून. कंबर धरली, गुडघे सोलवटले. मिळाल्या एक्केचाळीस. तिने आपल्याकडचं सगळ्यात चांगलं मडकं काढलं, आतून घोटून गुळगुळीत केलेलं, त्यात ओला पाला घातला, शेवाळ घातलं, वर झाकणी. मडकं उशाशी ठेवलं. आता ह्यांना कोणी खणणार नाही, कोणी तुडवणार नाही. तिला वाटलं, चला, एक घोर तरी मिटला.

कसला मिटतोय! एक घोर गेला आणि त्याच्या जागी एक्केचाळीस आले.

रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ती झाकणी काढून मोजायची. एकेक काडीवर घेऊन ताटात ठेवायची, मोजून पुन्हा मडक्यात. दुपारी मोजायची. दिवेलागणीला मोजायची. चौथ्या दिवशी चाळीस भरल्या. ताट झटकलं, अंथरूण झटकलं, केरात बघितलं. पाचव्या दिवशी एकोणचाळीस. मडक्याच्या काठावर तांबड्या मुंग्यांची रांग होती.

त्याच दिवशी तुळसा आली. तुळसा ओढ्यापलीकडे कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटाशेजारी राहायची, टोपल्या आणि सुपं विणायची. आठवड्याला एकदा टोपल्या देऊन मडकी न्यायला ती गावात यायची. काकूचं हातातलं ताट आणि रडवेलं तोंड बघून ती शेजारी टेकली आणि सगळं ऐकून घेतलं.

"आक्का, माझ्याकडं कळकाच्या बुंध्याशी बारमाही ओल हाय," ती म्हणाली. "पाला कमरेएवढा. तिथं कोन खणत न्हाई, कोन झाडत न्हाई. अर्ध्या मला दे. इकडं काही झालं तर तिकडं ऱ्हातील, तिकडं झालं तर इकडं."

बोलणं सरळ होतं. काकूने मडकं मात्र छातीशी धरलं. अर्ध्या द्यायच्या? तुळसाला? तुळसा म्हणजे नखशिखान्त निष्काळजी बाई. तिच्या घराला दार होतं पण कडी नव्हती. तिची चप्पल कायम दोन रंगांची. गेल्या वर्षी काकूची चाळणी नेली होती, ती 'आणते, आणते' म्हणत अजून आणतच होती. आणि तिच्या कोंबड्या दिवसभर बेटात मोकाट हिंडायच्या.

"न्हाई गं," काकू म्हणाली. "तुला जमायचं न्हाई. तू मोजशील का रोज?"

"मोजायचं कशाला?"

"बघ! म्हनूनच म्हनते. माझ्याजवळच बऱ्या."

तुळसाने वाद घातला नाही. "बरं, तुझी मर्जी," म्हणाली आणि टोपल्या उचलून गेली. ती गेल्यावर काकूला आपण वाईट बोललो असं वाटलं. पण मग तिने मडक्यात बघितलं आणि ते वाटणं मागे सारलं.

दुसऱ्या सकाळी अडतीस. मुंग्यांचं काहीतरी करायलाच हवं होतं. आता त्या गावात जपून ठेवायची वस्तू कुठं ठेवतात, हे शेंबडं पोरही सांगेल. राखेत! दुधीच्या बिया, घेवड्याच्या बिया, पावट्याच्या बिया, सगळं आव्यातली राख घालून मडक्यात भरायचं आणि झाकणी मातीने लिंपायची. मग त्याला मुंगी लागत नाही, किडा लागत नाही, वर्षभर जिनसेला धक्का नाही. काकूच्या आईने तसं केलं, सासूने तसं केलं. काकूने आव्याची चाळलेली बारीक राख आणली, मडक्याच्या तळाशी पसरली, कडेने वर्तुळ घातलं. तरी एक मुंगी दिसली, म्हणून पाल्यावरही एक मूठ भुरभुरवली. झाकणी लिंपली नाही एवढंच, कारण मोजायला उघडावी लागायची.

आणि काय सांगावं! दुसऱ्या दिवशी अडतीस. त्याच्या दुसऱ्या दिवशी अडतीस. मुंग्या गेल्या. आकडा जागचा हलेना. कितीतरी दिवसांनी काकू पोटभर जेवली.

फक्त तीन गोगलगायी फार चुकार निघाल्या. झाकणी काढावी तर ह्या तिघी मडक्याच्या ओठाला चिकटलेल्या असायच्या, अगदी बाहेर पडायच्या बेतात. काकू त्यांना काडीने खाली राखेत सोडायची. "तुमालाच का असं? बाकीच्या बघा कशा शहाण्यासारख्या बसल्यात!" दुपारपर्यंत तिघी पुन्हा वर. काकू पुन्हा त्यांना खाली ढकलायची. आता ह्या तीन कार्ट्यांचाच काय तो घोर, असं ती स्वतःशी म्हणायची.

अमावास्या झाली. कुदळी दरडीवर पडल्या. सगळं गाव मातीने भरलेल्या पाट्या वाहत होतं, आणि भिवराकाकू प्रत्येक ढीग वेचून बघत होती. एकाही ढिगात एकही निघाली नाही. तिला वाईट वाटलं, आणि आतून थोडा अभिमानही वाटला. सगळ्या आपल्याकडे सुखरूप आहेत. आपण वेळेवर आणल्या नसत्या तर?

तुळसा पुन्हा आली तेव्हा काकू ओसरीवर बसली होती. ती स्वतःहून म्हणाली, "ये, बघ. आठ दिवसांत एक कमी झाली न्हाई. तू म्हनत होतीस अर्ध्या दे."

तिने झाकणी काढली. तुळसा वाकली. तिने आत बघितलं आणि बोटाने पाला थोडा सारला.

"राख कशाला गं आत?"

"मुंग्यांना."

तुळसाने रांजणात बोट बुडवलं आणि पाण्याचे चार थेंब पाल्यावर सोडले. मग आणखी चार. दोघी बघत बसल्या. पाणी राखेत जिरलं. काहीच हललं नाही. तुळसाने एक गोगलगाय नखावर उचलली, तिच्यावर थेंब सोडला आणि हळूच फुंकर मारली. शंख नखावरून उडून ताटात पडला. त्याचा काही आवाजही झाला नाही, इतका तो हलका होता.

"आक्का," तुळसा म्हणाली, "ह्या रिकाम्या हाईत."

काकूला आधी कळलंच नाही. "म्हंजे? अडतीस हाईत. सकाळी मोजल्या मी."

"शंख अडतीस हाईत गं."

मग कळलं. राखेने बिया कोरड्या राहतात म्हणून बिया टिकतात. गोगलगायीला ओल हवी, आणि राखेने पाल्यातली, शेवाळातली, त्यांच्या अंगातली सगळी ओल पिऊन टाकली होती. मेलेली गोगलगाय कुठं जात नाही. म्हणून आकडा हलत नव्हता. आठ दिवस भिवराकाकू मढी मोजत होती आणि निवांत जेवत होती.

ती रडली नाही. तिला रडू येईना. आपल्या हातांकडे ती बघत राहिली. कोणी कुदळ घातली नव्हती ह्यांच्यावर. कोणी तुडवल्या नव्हत्या. जगात त्यांची सगळ्यात जास्त काळजी करणाऱ्या बाईने त्या मारल्या होत्या.

"थांब," तुळसा एकदम म्हणाली. "ही बघ."

मडक्याच्या ओठाखाली, राख जिथं पोचली नव्हती तिथं, तिघी चिकटून बसल्या होत्या. त्याच तिघी चुकार. थेंब पडला तशी एकीने हळूच शिंगं बाहेर काढली. रोज सकाळी भिवराकाकू ज्यांना खाली ढकलत होती, त्या रोज जिवाच्या आकांताने पुन्हा वर चढत होत्या.

आता होत्या त्या एवढ्याच. सगळ्या पृथ्वीच्या पाठीवर तीन.

काकूने पटकन मडक्यावर हात आडवा धरला. ह्या तिघींना आता डोळ्याआड करायचं नाही. राख नाही घालणार, पाला रोज बदलीन, रात्रंदिवस जागीन, हालणार नाही इथून. तिच्या मनात हे सगळं एकदम गर्दी करून आलं, आणि प्रत्येक गोष्ट खरी होती. तिने ते सगळं केलंही असतं. तुळसा काही मागत नव्हती. ती नुसती बसून होती, तिच्या दोन रंगांच्या चपला पायऱ्यांवर दोन दिशांना पडल्या होत्या.

काकूची नजर आपल्या पंजावर गेली. बोटांच्या रेघांत राख भरली होती. एक्केचाळीस होत्या तेव्हाही आपण जिवापाड जपणारच होतो, तिला वाटलं. तेव्हाही हेच सगळं मनात होतं.

"तुळसा," ती म्हणाली, आणि तिने मडक्यावरचा हात काढून घेतला, "ह्या घेऊन जा."

"अगं, एक तरी ठेव."

"नको. माझ्या हाताखाली जगायच्या न्हाईत. तुझ्याकडं ओल हाय, पाला हाय. ने."

तुळसाने कळकाच्या पानाचा द्रोण केला. काकूने काडी ओली केली. पहिली गोगलगाय काडीवरून दोनदा सुटली. एक, दोन, तीन.

"नेते," तुळसा उठत म्हणाली. "पर माझी एक अट हाय. तू रोज येऊन मोजायचं न्हाई. पाला उचकटला की त्यांची ओल जाते. येता श्रावण सोडून त्याच्या पुढच्या श्रावणापर्यंत बेटात पाय टाकायचा न्हाई."

दीड वर्ष! भिवराकाकूला विचारा, दीड वर्ष म्हणजे किती असतं ते. तरी ती "बरं" म्हणाली.

संध्याकाळी ती गेनूदादाकडे गेली. तो तिला येताना बघून आधीच बोलायला लागला, "हे बघ भिवरा, दरडीचं आता झालं ते झालं. मला बोल लावू नको..."

"तुमाला न्हाई लावत, दादा. मीच मारल्या. राखेत घालून." तिने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

गेनूदादाच्या हातातली माती तशीच राहिली. भांडायला आलेल्या बाईला काय उत्तर द्यायचं ते त्याच्याकडे तयार होतं. पण ही भांडायला आलीच नव्हती.

"तीन ऱ्हायल्यात, ओढ्यापलीकडं," काकू म्हणाली. "कधीतरी त्या परत आल्या तर जागा हवी. उंबराच्या मुळाशी दोन हात जमीन सोडा. आणि तेवढ्यावरचा पाला कोनी नेऊ नये."

त्याने हातातली माती खाली ठेवली. मग म्हणाला, "सांगतो मी पोरांना. तेवढं राहील." आणि राहिलंही. खरं सांगायचं तर गावाला त्या दोन हातांवाचून काहीच अडलं नाही. हजार मडकी झाली, जत्रा झाली.

पुढचे दिवस कसे गेले ते काकूलाच ठाऊक. चूल विझवून ती आता परत बघायला यायची नाही, कारण तिचं सगळं लक्ष ओढ्यापलीकडे लागलेलं असायचं. तुळसा दर आठवड्याला टोपल्या घेऊन यायची, काकू तिच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि काही विचारायची नाही. तुळसाही काही सांगायची नाही. सांगायला हवं हे तिच्या डोक्यातच यायचं नाही. एकदा ती बोलता बोलता म्हणाली, "कोंबड्यांनी बेटात नुसता उच्छाद मांडलाय." त्या दिवशी काकूने भाजीत मीठ दोनदा घातलं.

मग पावसाळ्यात ओढ्याला पूर आला. पाणी काठ सोडून वर चढलं. काकू डोक्यावर इरलं घेऊन धावत ओढ्याशी गेली. पलीकडे बेट अर्धं पाण्यात दिसत होतं. तुळसा तिच्या दारात उभी होती, आणि तिने लांबून हात हलवला. त्या हलवण्याचा अर्थ काय? आहेत? गेल्या? पाणी उतरल्यावर काकू पायांतल्या वहाणा हातात घेऊन ओढ्यात उतरली. गुडघाभर पाण्यात मध्यावर गेली. चार पावलांवर पलीकडचा काठ होता. नुसता एक पाला उचलून बघितला असता, तर जीव भांड्यात पडला असता. ती तिथं उभी राहिली, पाय बधिर होईपर्यंत. तिला मडकं आठवलं, आणि रोज उघडलेली झाकणी. मग ती वळली आणि आपल्या काठावर परत आली. घरी येऊन मात्र ती पदर तोंडात घालून रडली. शंख रिकामे निघाले त्या दिवशी आलं नव्हतं ते सगळं रडू आता आलं.

अखेर तो श्रावण उजाडला. भिवराकाकू ओढा ओलांडून गेली. तुळसा सुपाला काठ बांधत होती.

"आलीस? बरं झालं. तुझी चाळणी घेऊन जा, कधीची काढून ठेवलीय."

"चाळणी मरू दे. आधी सांग."

"चल की, दाखवते."

बेटात अंधारल्यासारखं होतं. कोंबड्या पाला उकरत होत्या, आणि काकूच्या काळजात एकेक नखी लागत होती. तुळसा पार आत, जिथं कळक दाटीने उभे होते आणि कोंबडीलाही शिरता येत नव्हतं, तिथं वाकली. "बस," म्हणाली. तिने कळकाचं एक कुजकं पान बोटाने उलटलं.

काकूला आधी काही दिसलं नाही. मग पानाच्या पाठीवर तीळ सांडल्यासारखं दिसलं. मग त्यातला एक तीळ चालू लागला.

"किती हाईत गं?" काकूने दबलेल्या आवाजात विचारलं.

"मी कुठं मोजल्यात?"

सवयीने काकूचं बोट पुढे झालं. एक, दोन, तीन... अकरा... सतरापर्यंत आली तोवर चौथी पानाच्या कडेने खाली उतरून गेली होती आणि तिथून दोन नव्याच वर आल्या होत्या. तिने पुन्हा सुरुवात केली. ह्या वेळी तेविसाला चुकली. तुळसाने शेजारचं पान उलटलं, तिथंही होत्या. काकूने तिसऱ्यांदा बोट उचललं, आणि ते तसंच हवेत राहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, काही दिसतच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला मोजता आलं नाही, आणि त्याचं तिला सुख वाटलं.

"तुळसा," थोड्या वेळाने ती म्हणाली, "उंबराखाली जागा ठेवलीय. मला थोड्या देशील?"

"मला काय विचारतेस? ने की सगळ्या."

"सगळ्या नको गं बाई!" काकू एवढ्याने ओरडली की कोंबड्या पळाल्या. "इथल्या इथं राहू देत. तुझ्यापाशी."

तुळसाने एका उघड्या टोपलीत पानंच्या पानं उचलून ठेवली. काकू टोपली डोक्यावर घेऊन ओढ्यातून परत निघाली. वाटेत तिने आत डोकावून बघितलं नाही असं नाही. दोनदा बघितलं. स्वभावच तो, जातोय कुठं! पण मोजलं मात्र नाही. उंबराखाली जाऊन तिने पानं पाल्यावर ठेवली, वर आणखी पाला सारला, आणि घरी येऊन चूल पेटवली.

तात्पर्य एवढंच: जे गमवायची भीती वाटते, ते सगळं आपल्याच मुठीत धरून ठेवलं म्हणजे जपलं असं नव्हे. त्याला काय लागतं ते आधी बघावं, आणि ते जिथं असेल तिथं, दुसऱ्याच्या हवाली का असेना, त्याला सोडावं.